ख्रिस्ती झालेल्यांनी मोजलेली किंमत
(आगमन-शताब्दी सोहळ्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या या सोहळ्यात आपल्या पूर्वजांच्या कष्टांवर, त्यांच्या गणपतीवर, जाखडीवर आणि भजनावर पुष्कळ बोलून झाले आहे, आणि ते व्हायलाच हवे होते. मंडळाने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी मुद्दाम असा विषय घेतला, जो आपल्या घरांत आवाज खाली आणून बोलला जातो. आपल्यातले जे कोणी ख्रिस्ती झाले, त्यांना त्यासाठी काय सोडावे लागले, हा तो विषय.

कारण सांगतो. शताब्दीच्या निमित्ताने आपले मंडळ कुळांची वही तयार करीत आहे. आम्ही काही जण घरोघर जातो, जुनी कागदपत्रे पाहतो, म्हाताऱ्या माणसांना विचारतो आणि कोणाचा मुलगा कोण, कोणाची मुलगी कुठे दिली, ते लिहून घेतो. या कामात एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. "अहो, जे बाटले त्यांची नावे घालायची का?" काही घरांनी नावे दिली. काहींनी "तो वेल तिथेच तुटला" असे सांगून पान उलटले. वही छापायला जाण्याआधी आपल्याला काय ते ठरवावे लागणार आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणाला अंदाज बांधत बसायला नको. नावे घालावीत. आणि नुसती घालू नयेत, मानाने घालावीत. मी स्वतः माळकरी घरातला माणूस आहे. माझ्या घरात तुळस आहे, देव्हारा आहे, आणि ते माझ्या मुलांपर्यंत जावेत अशी माझी इच्छा आहे. तरीही मी हे म्हणतो. का म्हणतो, ते सांगण्यासाठी मला तुम्हांला आधी आपल्या आजे-पणज्यांच्या मुलखात न्यावे लागेल.

आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज कोकणातून, रत्नागिरीकडून आले. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. त्यांची फुलांवरची आणि मुलांवरची कविता मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. जातीने ते चित्पावन ब्राह्मण. संस्कृत उत्तम, कीर्तन उत्तम, डोक्यात सतत देशाचा आणि धर्माचा विचार. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने बायबलमधला नवा करार त्यांच्या हातात दिला. टिळकांनी तो वाचला आणि दोन वर्षे मनाशी झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट टिळकांची आहे. इथून पुढची त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे असे कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरातली मुलगी. लहानपणी लग्न झालेले, शाळा पाहिलेली नाही. पदरात दत्तू नावाचा लहान मुलगा. आणि एक दिवस बातमी येते की नवरा ख्रिस्ती झाला.

आता जरा त्या बाईच्या जागी उभे राहून पाहा. नवरा जिवंत आहे, त्याची पत्रे येतात, त्याची माया आटलेली नाही. पण त्याच्याकडे जावे तर आई, बहीण, भाऊ, सोयरे, देव, सण, सगळेच सुटते. न जावे तर कुंकू कपाळावर आणि नवरा परक्या गावी. विधवेला निदान लोकांची सहानुभूती तरी असते. हिच्या वाट्याला कुजबुज आली. जवळजवळ पाच वर्षे ती नातलगांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी राहिली. आपल्या शर्तबंद पूर्वजांचा करार पाच वर्षांचा असे. ही बाई सही-अंगठ्यावाचून तेवढीच मुदत भोगत होती.

बाप्तिस्मा टिळकांनी घेतला होता आणि तो त्यांनी स्वतः निवडला होता. लक्ष्मीबाईंनी काहीच निवडले नव्हते, तरी सगळ्यात जड हप्ता त्यांच्याकडून वसूल झाला. धर्मांतराची किंमत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धर्म बदलणारा माणूस येतो. पण हिशेब नीट मांडला तर असे दिसते की तो माणूस निदान आपल्या श्रद्धेच्या बळावर उभा असतो. मागे राहिलेल्या आईला, बायकोला, बहिणीला ते बळही नसते. तिचे माणूस जाते आणि त्याच्या बदल्यात तिला काहीच मिळत नाही.

पुढे लक्ष्मीबाई नगर जिल्ह्यात टिळकांकडे गेल्या. गेल्या त्या आपला धर्म घेऊनच गेल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही, आणि हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. राहुरीला राहत असताना मात्र, सभोवतालची महार-मांग समाजातून आलेली ख्रिस्ती माणसे रोज पाहता पाहता, लक्ष्मीबाईंच्या मनात एकच प्रश्न घोळू लागला. माणूस देवाने केला हे खरे, पण ही जात कोणी केली? त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. सर्वांच्या हातचे पाणी प्यायला सुरुवात केली आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. नवऱ्यामागून फरफटत नव्हे, तर आपल्या विचाराने.

ही सारी हकीकत त्यांनी उतारवयात 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहिली. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि १९३६ साली त्या वारल्या. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्या पुस्तकाची गणना होते. ते वाचताना माणूस खळखळून हसतो. इतके दुःख सोसलेल्या बाईने इतके हसवावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ज्यांच्या घरात मराठी वाचणारे कोणी उरले असेल, त्यांनी आपल्या मुलांना ते वाचून दाखवावे.

आता एकट्या टिळकांवर थांबू नये, म्हणून थोडे मागे जातो.

तुम्ही म्हणाल, एक माणूस दुसऱ्या देवाला भजू लागला, तर त्यात इतके काय बिघडत होते? त्या काळी देव बदलला म्हणून रागावण्यापेक्षा पंगत बदलली म्हणून लोक अधिक रागावत. कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाच्या घरचे पाणी प्यायले, यावर जात टिकत असे. आपण आज 'घटस्फोट' हा शब्द नवरा-बायकोच्या काडीमोडीसाठी वापरतो. त्याचा जुना अर्थ वेगळा आहे. ज्याला जातीबाहेर टाकायचे, त्याच्या नावाने पाण्याने भरलेला घडा उलथून टाकायचा आणि तो माणूस मेला असे धरून चालायचे, हा तो विधी. जिवंत माणसाचे मरण जाहीर करण्याची ही रीत होती. बाप जिवंत मुलाचे सुतक पाळी.

१८५० साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही, असा तो कायदा. १८६६ साली आणखी एक झाला. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या जोडीदाराने धर्मापायी टाकले, तर ते लग्न कोर्टातून मोडता येईल, असा. म्हणजे जमिनीचा प्रश्न सरकारने सोडवला आणि लग्न मोडण्याची वाटही काढून दिली. पण आईच्या हातची भाकरी मिळवून देणारा कायदा कोणत्याही सरकारला करता आलेला नाही.

मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. पुढे त्याने जालन्याजवळ मोठे काम उभारले. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अवघा बारा-एक वर्षांचा होता आणि तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता ना! मग त्याला जातीत घ्यायचे की नाही, यावरून रण माजले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान, प्रायश्चित्त देऊन मुलाला घरात घ्या म्हणून उभा राहिला, तर लोक त्यांच्यावरच उलटले. मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. बारा वर्षांच्या पोरासाठी! जाणाऱ्याला शिव्या द्यायच्या आणि परत येणाऱ्याला दार उघडायचे नाही, असा तो न्याय होता.

बंधूंनो, हा न्याय आपल्याला अनोळखी नाही. आपले पूर्वज जहाजावर चढले, तेव्हा तेही समुद्र ओलांडल्याचे दोषी ठरले. एकाच बोटीवर, एकाच भांड्यातले अन्न खाऊन आले. मुदत संपवून जे परत गेले, त्यांतल्या कितीकांना गावाने पुन्हा सरळ पंगतीत घेतले नाही. प्रायश्चित्त मागितले, जातभोजन मागितले, गाठीला असलेले चार पैसे त्यात संपवले. देवाला न सोडतासुद्धा ज्यांची जात गेली, अशा माणसांची आपण लेकरे आहोत. म्हणून देव बदलल्यामुळे ज्यांची जात गेली, त्यांचे दुःख आपल्याला लवकर कळायला हवे.

आता पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेतो, कारण त्यांनी मोजलेली किंमत वेगळ्या प्रकारची आहे. १८५८ साली जन्मलेली ही बाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले, नंतर भाऊ गेला, आणि लग्न होऊन दोन वर्षे होत नाहीत तोच १८८२ साली पतीही गेला. हातात एक तान्ही मुलगी, मनोरमा. रमाबाई इंग्लंडला शिकायला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. घरचे कोणी उरलेच नव्हते, मग त्यांना सोडून जाणार कोण? त्यांना सोडले ते महाराष्ट्राने. ज्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच पुण्याने पाठ फिरवली. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. तिथल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा १८९३ साली गवगवा झाला. सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच सदनातल्या एका विधवेशी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केले, आणि त्यांचे काम साऱ्या देशाला माहीत आहे. म्हणजे सदनाने मुलींचे काय केले, ते डोळ्यांपुढे होते. पण चालवणारी बाई 'बाटलेली' होती, एवढे पुरले.

रमाबाईंची दुसरी अडचण तर आपल्याकडे कोणी सांगतही नाही. त्या ज्या नव्या घरी गेल्या, तिथेही त्यांना मुकाट बसायला सांगण्यात आले. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी आक्षेप घेतला. धर्ममतांबद्दल त्या प्रश्न विचारीत, ते तिथल्या गुरुस्थानी असलेल्या बाईंना रुचत नसे. रमाबाई शाकाहारी राहिल्या आणि आपला विचार आपण करणाऱ्या राहिल्या. टिळकांचेही तसेच झाले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' नावाचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात चालत. ख्रिस्ताची भक्ती साहेबी चालीतून बाहेर काढून त्यांनी ती अभंगात आणि कीर्तनात आणली, म्हणजे आपल्याच वारकऱ्यांच्या वाटेने नेली. १९१९ साली ते वारले. जुन्या घराने बाहेर काढले आणि नवे घर पूर्ण आपले झाले नाही, अशा दोन उंबरठ्यांच्या मध्ये या माणसांनी आयुष्य काढले.

हे सगळे ब्राह्मण झाले, गरिबांचे काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. आपले पूर्वजही काही शास्त्री-पंडित नव्हते. नगर जिल्ह्यात, जालन्याकडे महार-मांग समाजातली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, नंतर १८९६ आणि १९०० च्या दुष्काळांत मिशनने अन्न दिले, पोरक्या मुलांना सांभाळले. म्हणून लोक म्हणत, 'पोटासाठी बाटले'. भुकेला माणूस अन्न देणाऱ्याकडे जातो, हे मी नाकारीत नाही. पण दुष्काळ संपल्यावर, पाऊस पडल्यावर, पोट भरल्यावरही जे तिथेच राहिले, त्यांचे काय? त्यांनी गावकीची कामे सोडली, तर गावाने बलुते थांबवले. विहीर आधीच बंद होती, आता वाटेवरचा रामरामही बंद झाला. ज्यांच्यापाशी मुळात गमावण्यासारखे फारसे नव्हते, त्यांच्या हातचे होते ते असे गेले. त्यांना शाळा मिळाली, अक्षर मिळाले, 'माणूस' म्हणून हाक मिळाली. हा व्यवहार तोट्याचा की फायद्याचा, ते ठरवण्याचा अधिकार त्यांचा. आपण नुसते 'पोटासाठी' म्हणून मोकळे होऊ नये. आपले पूर्वजसुद्धा पोटासाठीच आले होते, आणि आज आपण त्यांच्या शताब्दीचे दिवे लावले आहेत.

आता आपल्या मॉरिशसकडे येतो.

इथे आपल्या लोकांपुढे पेच होता तो असा. मळ्याचा मालक ख्रिस्ती, गावातले चर्च मोठे, कारकुनाची भाषा फ्रेंच. इथे ख्रिस्ती होणारा माणूस बलवानाच्या बाजूला गेला, असे मागच्यांना वाटे. भारतात 'बाटला' म्हणत, तेवढेच इथेही म्हणत आणि वर 'साहेबाला भुलला' हेही जोडत. काही जण सोयीसाठी गेले असतील. शाळेत मुलाचे नाव बदलले, कचेरीत बरी जागा मिळाली, असे घडले असेल. पण काही लग्नामुळे गेले, काही आजारपणात कोणी रात्रभर उशाशी बसले म्हणून गेले, आणि काही खरोखरच, अंतःकरणापासून, ख्रिस्ताच्या ओढीने गेले. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे एकच दिसते. आतले फक्त त्या माणसाला आणि त्याच्या देवाला ठाऊक.

आमच्याच घरातले सांगतो. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ तरुणपणी ख्रिस्ती झाले. नोकरीत त्यांना काही बढती मिळाली नाही, ते शेवटपर्यंत उसातच राबले. माझी पणजी गेली, तेव्हा थोरला मुलगा असून त्यांना अग्नी देऊ दिला नाही. ते अंगणाच्या कडेला, आंब्याखाली, टोपी हातात धरून उभे राहिले, असे आजी सांगे. त्यानंतर दोन भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पण माझी आजी दर गणेश चतुर्थीला केळीच्या पानात पाच मोदक बांधी आणि माझ्या वडिलांच्या हाती देऊन म्हणे, "जा, थोरल्या काकांच्या घरी ठेवून ये. आजोबांना सांगू नको." वडील तेव्हा लहान होते. उसाच्या वाटेने जात आणि पुडी देऊन येत. मोदकाची ती पुडी कधी परत आली नाही. आणि नाताळात त्या घरून केकचा तुकडा येई, तो आजी देव्हाऱ्याच्या खोलीत नेत नसे, पण टाकतही नसे. मागच्या दारी बसून पोरांना वाटून देई. आजोबांना हे सगळे ठाऊक होते, असे मला वाटते. मोदक पाच कमी झालेले घरच्या माणसाला कळणार नाहीत, असे होत नाही.

आमच्या घरच्या जुन्या वहीत त्या काकांचे नाव नाही. माझ्या आजोबांचा उल्लेख 'ज्येष्ठ पुत्र' असा आहे. म्हणजे एका भावाला पुसण्यासाठी दुसऱ्याला खोटे मोठेपण द्यावे लागले. नाव गाळण्यात हा दोष असतोच. एक नाव गाळले की पुढची नाती चुकत जातात.

दुसरी एक गोष्ट पाहा. दरवर्षी सप्टेंबर महिन्यात सेंत-क्रुआला फादर लावाल यांच्या समाधीवर रात्रभर माणसांची रीघ लागते. १८४१ साली ते या बेटावर आले आणि गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांत राबून १८६४ साली इथेच गेले. त्या समाधीवर ख्रिस्ती जातात, तसे हिंदूही जातात, आपल्यातलेही जातात. कोणी मूल व्हावे म्हणून, कोणी दुखणे बरे व्हावे म्हणून. मी त्याला नावे ठेवीत नाही, श्रद्धा आहे. पण मला एवढेच विचारायचे आहे की, परदेशातून आलेल्या पाद्र्याच्या समाधीवर मेणबत्ती लावताना ज्याचा हात अडत नाही, त्याचा हात आपल्या सख्ख्या चुलत्याचे नाव वहीत लिहिताना का अडावा?

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो चांगल्या माणसाने घेतला आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. तो म्हणतो, "ज्यांनी हाल सोसून धर्म टिकवला, त्यांचे काय? सोडणाऱ्याला आणि धरून ठेवणाऱ्याला एकाच ओळीत बसवले, तर धरून ठेवणाऱ्याच्या कष्टांना काय अर्थ राहिला?" आक्षेप खरा आहे. दिवसभर उसात राबून रात्री झोपडीत दिवा लावणाऱ्या, मुलांना आरती शिकवणाऱ्या, गावोगाव देवळे उभारणाऱ्या माणसांमुळे आज आपण इथे मराठीत बोलतो आहोत. त्यांचा मान तिळभर कमी होता कामा नये. पण कुळाची वही ही काही बक्षिसांची यादी नव्हे. कोण चांगला वागला ते ती सांगत नाही. कोण कोणाच्या पोटी जन्मला, एवढेच ती सांगते. तेवढे तरी तिने खरे सांगावे.

आणि धर्म टिकवणाऱ्यांनी जे सोसले, त्याची खरी जाण कोणाला असेल, तर ती धर्मासाठी सोसणाऱ्या दुसऱ्या माणसालाच असेल. माझ्या पणजीने देव सोडला नाही, म्हणून तिचा मुलगा तुटला. त्या मुलाने आपला देव सोडला नाही, म्हणून त्याची आई तुटली. दोघांनीही आपापल्या जागी घट्ट उभे राहण्याची किंमत दिली. कोणाचा देव खरा, हा वाद मला इथे करायचा नाही. तो माझ्या आवाक्यातलाही नाही. पण दोघांचे अश्रू सारखेच खारट होते, एवढे मी त्यांचा वंशज म्हणून सांगू शकतो.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. मंडळापुढे माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, कुळांच्या वहीत ख्रिस्ती झालेल्या प्रत्येकाचे नाव त्याच्या जन्माच्या जागी, भावंडांच्या क्रमाने लिहावे. जन्माचे मराठी नाव आणि नंतर घेतलेले नाव, दोन्ही.

दुसरी, शेऱ्याच्या रकान्यात 'बाटला', 'धर्मभ्रष्ट' असे शब्द जुन्या कागदांत असतील, ते नव्या वहीत उतरवू नयेत. 'ख्रिस्ती झाला' एवढे पुरे. साल ठाऊक असेल तर साल.

तिसरी, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुषांनी ज्यांची नावे खोडली, त्यांची नावे बायकांनी जपली आहेत. कोणाच्या घरी मोदक पाठवत होता, असे विचारले तर त्या सांगतील. हे काम लवकर करायला हवे, कारण दर पावसाळ्यात आपल्यातले कोणी ना कोणी कमी होते.

चौथी विनंती, त्या शाखांची मुले-नातवंडे आज याच बेटावर आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना आपला पणजोबा मराठी होता, कोणत्या गावचा होता, हे माहीत नाही. आपल्या वहीत ते आहे. छापल्यावर एक एक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्यावी. येतील तर त्यांना पुढच्या मेळाव्याला बोलवावे. त्यांना परत आणण्याच्या हेतूने नव्हे. ते जिथे आहेत तिथे सुखी असोत. नाते असले तर ते माहीत असावे, एवढ्यासाठी. आपल्या मुलांनीही त्यांच्याकडून ऐकावे की त्यांच्या घरात आपल्याविषयी काय सांगितले जात असे. ते ऐकताना आपल्याला थोडे लागेलही. तेवढे लागू द्यावे.

जहाजावरून उतरताना नोंदवहीत आपल्या पूर्वजांची नावे लिहिली गेली. लिहिणाऱ्याला मराठी येत नव्हते. नावे वाकडी झाली, गावे ओळखू येईनाशी झाली, बापाचे नाव आडनाव होऊन बसले. तरी कोणाचे नाव त्याने गाळले नाही. परक्या कारकुनाने जे जपले, ते आपण आपल्या हाताने खोडू नये.

आमच्या घरचे पान मी मंडळाकडे दिले आहे. त्यात थोरल्या आजोबांचे नाव पहिल्या जागी आहे आणि माझ्या आजोबांचे दुसऱ्या. बाकीच्या घरांची पाने या महिन्याच्या अखेरपर्यंत यायची आहेत.